शर्यतीचा माळ: सातारा-सांगलीतली बैलगाडा मैदानं बंद का झाली, पुन्हा सुरू कशी झाली आणि आता कुठे चालली आहेत?

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात पुसेगाव आहे. मार्गशीर्ष महिन्यात इथे सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथ निघतो, भाविक रथावर नोटांच्या माळा चढवतात आणि काही वेळात रथाचं लाकूड नोटांखाली दिसेनासं होतं. या यात्रेचे आणखी दोन भाग आहेत. एक म्हणजे जनावरांचा बाजार आणि दुसरा म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, जत या दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्यासाठी हे तिन्ही भाग एकाच दिवसाचे असतात. आधी देवाचं दर्शन घ्यायचं, मग बाजारात खोंड बघायचं आणि शेवटी माळावर जाऊन कोणाची गाडी पुढे निघते ते बघायचं.

मधली काही वर्षं मात्र यातला तिसरा भाग गायब होता. २०१४ ते २०२१ या काळात महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत भरवणं हा गुन्हा होता. आज त्याच माळांवर ड्रोन उडतात, युट्युबवर लाईव्ह चालतं आणि पहिल्या बक्षिसाला चारचाकी गाडी असते.

हा प्रवास नेमका कसा झाला? बंदी कशामुळे आली, कशी उठली आणि आता नवे प्रश्न कोणते आहेत? सविस्तर समजून घेऊ.

मुळात शर्यतीचं मैदान असतं कसं?

महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत एकाच पद्धतीची नाही. दर दोन-तीन जिल्ह्यांनंतर तिचं रूप बदलतं.

पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या भागात 'घाट' असतो. घाट म्हणजे मुद्दाम तयार केलेली चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा पळतो, पुढे घोडी धावते आणि किती सेकंदांत घाट पार झाला यावर नंबर ठरतो. म्हणजे गाड्याची खरी स्पर्धा घड्याळाशी असते. विदर्भात याच खेळाला 'शंकरपट' म्हणतात. रायगड जिल्ह्यात ओहोटी लागली की समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूवर गाड्या पळतात. सांगली-कोल्हापूरच्या काही भागात 'आरत-पारत' शर्यत असते. तिच्यात ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून गाडी परत आणायची असते.

सातारा आणि सांगलीच्या पूर्व भागात मात्र शर्यत होते ती माळावर. इथे सपाट किंवा किंचित चढाचा माळ निवडतात. दगड वेचतात, खड्डे भरतात आणि शेजारी-शेजारी समांतर चाकोऱ्या आखतात. या एकेका चाकोरीला 'तास' म्हणतात. शब्द शेतातलाच आहे. नांगराने पडणारी रेघ म्हणजे तास. एका फेरीत जेवढे तास, तेवढ्या गाड्या एकदम सुटतात. कोणाला कोणता तास मिळणार हे चिठ्ठीवर ठरतं. गाडी आपला तास सोडून दुसऱ्याच्या तासात गेली की बाद होते.

सगळ्या गाड्या एकाच वेळी पळवता येत नाहीत. म्हणून आधी गट पडतात. गटात पहिली आलेली गाडी पुढच्या फेरीत जाते. त्यानंतर सेमी फायनल आणि फायनल. सकाळी सुरू झालेलं मैदान संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत चालतं.

मैदानाची स्वतःची माणसंही असतात. सुटण्याच्या रेषेवर बैलांना धरून ठेवणारा आणि इशारा होताच सोडणारा तो 'सुट्टी मेकर'. हलक्या छकड्यावर उभा राहून गाडी हाकणारा तो 'ड्रायव्हर'. शेवटच्या रेषेवर निशाण घेऊन उभे असतात ते पंच. आणि माईकवर अखंड बोलणारा समालोचक. गाडीला जुंपलेले दोन बैल बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या मालकांचे असतात. एकाचा बैल डावीकडून चांगला पळतो, दुसऱ्याचा उजवीकडून, आणि दोघं मिळून जोडी जुळवतात. मैदानंही बैलाच्या वयावर ठरतात. दुधाचे दात न पाडलेला तो 'आदत', दोन दात आलेला तो 'दुसा'. काही मैदानं फक्त आदतची असतात, तर काही सगळ्यांसाठी खुली असतात.

ही शर्यत याच पट्ट्यात का रुजली?

याचं उत्तर इथल्या जमिनीत आणि खिल्लार बैलात आहे.

माणदेश हा सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवरचा कमी पावसाचा भाग आहे. इथे पीक बेभरवशाचं, त्यामुळे जनावर हीच खरी शिल्लक. पांढरा, सडपातळ, लांब शिंगांचा आणि तापट स्वभावाचा खिल्लार हा याच भागातला गोवंश. त्याच्या प्रकारांची नावंसुद्धा इथल्या गावांवरून पडली आहेत. आटपाडी भागातला तो आटपाडी महाल आणि म्हसवडकडचा तो म्हसवड खिल्लार. कर्नाटकातल्या हल्लीकर आणि अमृतमहाल या गोवंशांशी त्याचं नातं सांगितलं जातं. काटक, कमी चाऱ्यावर तगणारा आणि झपाझप चालणारा म्हणून तो नांगराला आणि गाडीला पसंत केला जायचा.

खिल्लार गाय दूध बेताचंच देते. त्यामुळे खिल्लार पाळणाऱ्याचं खरं उत्पन्न दुधात नव्हतं, ते खोंडाच्या विक्रीत होतं. आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या सिद्धनाथ यात्रेत किंवा पुसेगावच्या बाजारात खोंड विकायचं आणि त्या पैशात घरचं लग्न, विहीर किंवा कर्ज भागवायचं. आणि बैल किती चपळ आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायची सोपी जागा म्हणजे शर्यतीचा माळ. त्यामुळे बाजार आणि शर्यत शेजारी-शेजारी वाढले. एका अर्थाने माळ ही या बाजाराची जाहिरात होती.

मग ट्रॅक्टर आला. नांगरट, पेरणी, मळणी ही कामं बैलाकडून गेली. उसाची वाहतूक काही प्रमाणात बैलगाडीवर राहिली, पण तिथेही ट्रॅक्टर-ट्रॉली घुसली. शेतातलं काम कमी झालं, तसा शर्यतीचा बैल हा वेगळाच प्राणी बनत गेला. त्याला नांगराला जुंपत नाहीत. त्याचा खुराक वेगळा, त्याला पोहायला नेणारा माणूस वेगळा आणि त्याची किंमतही वेगळी. बंदीचा प्रश्न उभा राहिला तो याच टप्प्यावर.

बंदी नेमकी कशी आली?

बंदीची सुरुवात बैलगाड्यासाठी केलेल्या कुठल्या खास कायद्याने झाली नाही. ती झाली एका यादीतून.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम २२ नुसार काही प्राण्यांना 'खेळ करून दाखवणारे प्राणी' म्हणून प्रशिक्षण देण्यावर आणि त्यांचं प्रदर्शन करण्यावर सरकार बंदी घालू शकतं. अस्वल, माकड, वाघ असे प्राणी या यादीत आधीपासून होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि यादीत बैलाचं नाव आलं. सर्कशीतल्या वाघाला जो नियम, तोच आता माळावरच्या बैलाला लागू झाला.

याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. तिथे तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूचा वाद आधीच सुरू होता आणि दोन्ही विषय एकत्र ऐकले गेले.

७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तमिळनाडू असो, महाराष्ट्र असो की आणखी कुठे, जल्लीकट्टूत किंवा बैलगाडा शर्यतीत बैल वापरता येणार नाही, असा हा निकाल होता.

न्यायालयाचा मुख्य मुद्दा बैलाच्या शरीराचा होता. घोड्याची शरीररचना धावण्यासाठी आहे, बैलाची नाही. बैल हा ओढकाम करणारा, रवंथ करणारा प्राणी आहे. तो वेगाने पळतो तेव्हा बऱ्याचदा वेदनेमुळे किंवा भीतीमुळे पळतो. मग त्याला पळवायचं म्हणजे आधी ती वेदना किंवा भीती द्यावी लागणार.

हा मुद्दा हवेतला नव्हता. बंदीआधीच्या शर्यतींमध्ये चाबूक, खिळा लावलेली काठी, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका देणारं यंत्र असे प्रकार होत असल्याचे आरोप प्राणीप्रेमी संघटनांनी सातत्याने केले होते. मैदानात पळताना बैल पडून जखमी होणं, गर्दीत गाडी घुसून माणसं चिरडली जाणं हेही घडत होतं. शर्यतीच्या बाजूचे जुने जाणते लोकही हे सगळं नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की, दोष मारणाऱ्याचा आहे, खेळाचा नाही.

बंदी असतानाही शर्यती होत होत्या का?

होत होत्या. फक्त जागा आणि वेळ बदलली. मुख्य रस्त्यापासून लांबचा माळ, पहाटेची वेळ, फोनवरून निरोप आणि पोलीस आले की पांगापांग. याचा एक वाईट परिणाम झाला. उघड्यावर भरणाऱ्या मैदानात निदान पंच, गावकरी आणि यात्रा समितीची नजर असते. चोरून भरणाऱ्या मैदानात ना डॉक्टर, ना रुग्णवाहिका, ना नियम.

दुसरीकडे न्यायालयीन आणि राजकीय लढाई चालूच होती. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून अटींसह शर्यतींना वाट करून दिली. पाचच दिवसांत, १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

पुढच्या वर्षी जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी मोठं आंदोलन झालं आणि तमिळनाडूने केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वाटेने जात महाराष्ट्र विधिमंडळानेही २०१७ मध्ये दुरुस्ती मंजूर केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. राष्ट्रपती कशाला? कारण प्राण्यांवरची क्रूरता रोखणं हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. पण राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर तो टिकायला राष्ट्रपतींची संमती लागते.

तरीही माळ मोकळे झाले नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यावर रोख लावली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सगळा विषय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला. त्यानंतर तारखा पडत राहिल्या आणि इकडे अस्वस्थता वाढत गेली. कारण तमिळनाडूत जल्लीकट्टू आणि कर्नाटकात कंबळा सुरू झाले होते. सांगली जिल्ह्याची हद्द कर्नाटकाला लागून आहे. पलीकडे जे चालतं ते अलीकडे गुन्हा कसा, हा प्रश्न जतच्या शेतकऱ्याला पडणं साहजिक होतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये हा राग उघड झाला. आमदार गोपीचंद पडळकर यांनी आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे शर्यतीची घोषणा केली. प्रशासनाने परिसरात जमावबंदी लावली, पोलीस बंदोबस्त ठेवला, रस्ते अडवले. तरीही पहाटेच्या अंधारात जवळच्या माळावर गाड्या पळाल्याच. गुन्हे दाखल झाले आणि विषय राज्यभर गाजला.

बंदी उठली कशी?

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने महाराष्ट्राला अंतरिम दिलासा दिला. तर्क सरळ होता. इतर राज्यांत तशाच दुरुस्त कायद्यांखाली खेळ सुरू आहेत, तर घटनापीठाचा निकाल येईपर्यंत महाराष्ट्रालाही तीच वागणूक मिळायला हवी. शर्यती सुरू झाल्या, पण २०१७ च्या कायद्यातल्या आणि नियमांतल्या अटींसह.

अंतिम निकाल आला १८ मे २०२३ रोजी. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, यात विधिमंडळाने निर्णय घेतलेला असताना न्यायालय पडणार नाही. दोन, २०१४ साली जी क्रूरता समोर आली होती, ती नव्या कायद्यातल्या आणि नियमांतल्या अटींमुळे बऱ्याच अंशी कमी होते. मात्र त्या अटींची काटेकोर अंमलबजावणी झाली पाहिजे.

दुसरा मुद्दा नीट लक्षात घेण्यासारखा आहे. म्हणजे शर्यतीला मिळालेली परवानगी बिनशर्त नाही. ती अटींवर उभी आहे.

या अटी काय आहेत?

नियमांमधल्या मुख्य गोष्टी थोडक्यात अशा:

• जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि ५० हजार रुपयांची अनामत रक्कम.
• धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा जास्त लांब नको.
• बैल शर्यतीसाठी तंदुरुस्त असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र.
• चाबूक, काठी, टोचणी, विजेचं यंत्र किंवा उत्तेजक औषध यांना मनाई.
• मैदानावर पशुवैद्यक आणि रुग्णवाहिकेची सोय.
• शर्यतीचं चित्रीकरण.

बैलाला वेदना दिल्याचं सिद्ध झालं, तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कागदावर हे कडक आहे. पण प्रत्यक्षात एका मैदानावर दिवसभरात शेकडो बैल येतात. डॉक्टर मोजके, पोलीस मोजके आणि गर्दी हजारोंची. कायदा मोडला जातो आहे का, हे बघायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे सुटण्याची रेषा. तिथे बैलाला उसळवण्यासाठी काय केलं जातं, ते प्रेक्षकांना लांबून दिसत नाही. यात एक गमतीची गोष्ट अशी की, जे काम सरकारी यंत्रणेला जमत नव्हतं ते काही प्रमाणात मोबाईलने केलं. मैदान लाईव्ह दिसतं, व्हिडिओ हळू करून बघितला जातो आणि कोणाच्या हातात काय होतं यावर कमेंटमध्ये भांडणं होतात. नावाजलेल्या मैदानांचे संयोजक आता आपणहून 'काठी दिसली तर गाडी बाद' असं जाहीर करतात, याचं एक कारण हेही आहे.

शर्यतीमुळे खिल्लार वाचतो का?

शर्यतीच्या बाजूने सगळ्यात जास्त मांडला जाणारा मुद्दा हाच आहे. शर्यत बंद झाली तेव्हा खोंडाला गिऱ्हाईक राहिलं नाही, शर्यत सुरू झाली आणि दावणीला पुन्हा खिल्लार आला, असं शेतकरी सांगतात. यात तथ्य आहे. ज्या जनावराचं शेतात काम उरलं नाही आणि जे दूधही फारसं देत नाही, ते शेतकऱ्याने कशाच्या जोरावर सांभाळायचं? त्यात मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे कामातून गेलेला बैल विकायची एक वाट बंद झाली. या सगळ्यात शर्यत हाच खोंडाला किंमत देणारा एकमेव मोठा ग्राहक उरला.

पण आकडे थोडी वेगळी गोष्टही सांगतात. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांची तुलना केली, तर देशभरातल्या नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. त्याच काळात मादी गोवंश १८ टक्क्यांनी वाढला. देशी गुरं ६ टक्क्यांनी कमी झाली आणि विदेशी-संकरित गुरं सुमारे २७ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रातली एकूण गुरं १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. ज्या राज्यांत बैलगाडा शर्यतीचा प्रश्नच नव्हता, तिथेही बैल कमी झाले. म्हणजे मूळ कारण ट्रॅक्टर आणि दुधाचं अर्थकारण हे आहे. शर्यतबंदीने खिल्लारच्या पट्ट्यात त्याला जोर दिला असेल, पण बंदी उठल्याने ट्रॅक्टर परत जाणार नाही.

आणखी एक प्रश्न आहे. शर्यतीला लागतो तो वेगवान नर. गोवंश टिकायला मात्र गाय लागते, आणि तिला वर्षभर चारा घालणारा शेतकरी लागतो. खोंडाला लाखाचा भाव मिळाला, तर गाय सांभाळायला परवडतं, हे खरं. पण तो भाव शंभरातल्या किती खोंडांना मिळतो? न पळणाऱ्या खोंडाचं काय होतं? शर्यतीवर उभं असलेलं संवर्धन हे निवडक बैलांचं संवर्धन आहे, ही तिची मर्यादा.

यात्रेच्या मानापासून फॉर्च्युनरपर्यंत

बंदी उठल्यानंतर सगळ्यात मोठा बदल झाला तो बक्षिसात.

पूर्वी यात्रेच्या मैदानात ढाल, फेटा, भांडं किंवा रोख रक्कम मिळायची. त्यापेक्षा मोठा असायचा तो गावात मिळणारा मान. बंदीनंतर मैदानं भरवण्यात राजकीय नेते उतरले आणि बक्षिसांची चढाओढ सुरू झाली. २०२३ मध्ये डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत मैदान घेतलं आणि पहिलं बक्षीस ठेवलं थार गाडी. २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या मैदानात बक्षीस फॉर्च्युनरवर गेलं. मैदानांना 'हिंदकेसरी', 'रुस्तुम-ए-हिंद' अशी कुस्तीतली नावं मिळाली. 'बकासुर' सारख्या बैलांची नावं गावोगावच्या पोरांना क्रिकेटपटूंसारखी पाठ झाली. विजेत्या बैलाच्या किमती लाखांच्या घरात गेल्या.

याने पैसा आला, हे नक्की. छकडा बनवणारा सुतार, खुराक विकणारा दुकानदार, टेम्पोवाला, समालोचक, कॅमेरावाला, चहाच्या गाड्यावरची बाई अशा सगळ्यांच्या हाताला काम मिळालं. दुष्काळी तालुक्यात ही छोटी गोष्ट नाही.

पण इथेच कायद्याची एक बारीक गाठ आहे. २०१७ च्या दुरुस्तीत बैलगाडा शर्यतीची व्याख्या दिली आहे. परंपरा आणि संस्कृती जपण्यासाठी, जिथे पूर्वापार होत आली आहे अशा जिल्ह्यात, जिल्हाधिकाऱ्यांनी मंजूर केलेल्या जागी होणारी शर्यत, असा तिचा आशय आहे. 'बैलगाडा शर्यत', 'छकडी' आणि 'शंकरपट' ही तिची नावंही त्यात आली आहेत. म्हणजे केंद्राच्या कायद्यातून जी सूट मिळाली, ती परंपरेला मिळाली. सर्वोच्च न्यायालयानेही विधिमंडळाचा शब्द मानला तो याच आधारावर.

मग यात्रेशी संबंध नसलेलं, वाढदिवसाच्या निमित्ताने घेतलेलं, लाखोंची प्रवेश फी आणि एसयूव्हीचं बक्षीस असलेलं मैदान ही परंपरा म्हणायची की नवा व्यवसाय? व्यवसाय असायला हरकत नाही. पण बक्षीस जितकं मोठं, तितका जिंकण्याचा दबाव मोठा. आणि हा दबाव शेवटी उतरतो तो बैलाच्या पाठीवर. ढालीसाठी न उचललेली काठी फॉर्च्युनरसाठी उचलली जाण्याची शक्यता जास्त. २०१४ च्या निकालात जे चित्र होतं, ते पुन्हा तयार झालं तर न्यायालयाचं दार पुन्हा उघडू शकतं, कारण आजची परवानगी क्रूरता होणार नाही या गृहीतावर दिलेली आहे.

गर्दीचाही प्रश्न आहेच. चाकोरीच्या टोकाला बैल लगेच थांबत नाहीत. पुढे मोकळी जागा आणि मजबूत बॅरिकेड नसतील, तर गाडी सरळ माणसांत घुसते. मोबाईलवर व्हिडिओ काढण्यासाठी तासाच्या अगदी कडेला उभं राहणाऱ्यांमुळे हा धोका वाढला आहे. पुण्याच्या घाटात एका वेळी एकच गाडा असतो, इथे एकदम अनेक गाड्या सुटतात. त्यामुळे माळावरच्या मैदानाला सुरक्षेचे नियम जास्त कडक लागतात.

पुढे काय?

सातारा-सांगलीच्या माळाने तीन काळ पाहिले. पहिल्या काळात बैल शेतात राबायचा आणि वर्षातून एक-दोनदा माळावर पळायचा. दुसऱ्या काळात माळ बंद होता आणि शर्यत अंधारात पळत होती. आता तिसऱ्या काळात माळ उजेडात आहे, पण बैल शेतात नाही. तो फक्त पळण्यासाठीच वाढवला जातो.

त्यामुळे जुनी परंपरा या शब्दावर किती दिवस भागणार, हा प्रश्न शर्यत चालवणाऱ्यांनाच सोडवायचा आहे. त्यांच्यापैकी काहींनी सुरुवातही केली आहे. काठीवर बंदी, बैलाच्या वयाप्रमाणे वेगळी मैदानं, कॅमेऱ्यावरून निकाल, हे बदल मैदानातूनच आले आहेत. डॉक्टरांची संख्या, बैलाला दोन फेऱ्यांमध्ये मिळणारी विश्रांती आणि प्रेक्षकांची सुरक्षा या गोष्टी तितक्याच गांभीर्याने घेतल्या, तर विरोधकांच्या हातातले बरेचसे मुद्दे आपोआप कमी होतील.

पुसेगावच्या बाजारात आजही गिऱ्हाईक खोंडाचा जबडा उघडून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो आणि मग त्याला चार पावलं चालवून बघतो. पाठीवर वळ दिसला, तर जाणता माणूस भाव पाडतो. मार खाल्लेलं जनावर पुढे बुजतं, हे त्याला कोणत्याही न्यायालयाने सांगावं लागत नाही. माळावरची शर्यत टिकायची असेल, तर बाजारातली ही नजर माळावरही लागेल.